पटावरची विसावी मुलगी

माझी दोन नावं होती आणि त्यांपैकी एकही मी इथे लिहिणार नाही. एक कल्याणला बापाने ठेवलेलं, दुसरं ठाण्याला नवऱ्याने ताटातल्या तांदळांत अंगठीने काढलेलं. दोन्ही नावं शाळांच्या हजेरीपटांवर होती आणि दोन्ही एकाच दिवशी तांबड्या शाईने खोडली गेली. खोडणाऱ्याचं नावही मी लिहिणार नाही. त्याला जाऊन आता कितीतरी वर्षं झाली. त्याच्या मुलांनी त्याची तसबीर लावली असेल, वर हार घातला असेल. घालोत बापडे. माझा राग अजून गेलेला नाही, आणि या वयात तो घालवायची मला घाईही नाही.

आधी पट म्हणजे काय ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल. त्या काळी मुलींच्या शाळा ग्रांटीवर चालायच्या. ग्रांट म्हणजे सरकारातून मिळणारी मदत, आणि ती मिळायची डोकी मोजून. पटावर नावं किती, त्यांतल्या रोज हजर किती, आणि वर्षातून एकदा डिपुटी, म्हणजे शाळा तपासणारा सरकारी अंमलदार, परीक्षा घ्यायला यायचा तेव्हा पास किती. पट वीसच्या खाली गेला की ग्रांट बंद, म्हणजे शाळा बंद. एकोणीस मुली पाट्या घेऊन समोर बसलेल्या असल्या तरी सरकारच्या लेखी तिथे शाळा नाही. वीसच का, हे मला आजवर कोणी सांगितलेलं नाही. नियम करणाऱ्या साहेबाच्या हातापायांना मिळून तेवढीच बोटं होती, म्हणून असेल.

आणि मोजायचं कुणाला, तर आम्हाला. आठ-नऊ वर्षांच्या मुली. कुणाचं लग्न झालेलं, कुणाचं ठरलेलं. श्रावणात मंगळागौरीला एका घरी, दिवाळीला दुसऱ्या घरी, सासरी कुणी आजारी पडलं की तिसऱ्याच वेळी बोलावणं. मुलाचं नाव एकदा पटावर घातलं की तो तिथेच मिशा फुटेपर्यंत बसायचा. आम्ही कुठे एका जागी बसणार? साहेब सातासमुद्रापलीकडचा, त्याला हे ठाऊक नसेल तर नसेल. पण नियम चालवणारे आमचेच होते. त्यांच्या घरी आमच्यासारख्याच सुना आणि लेकी होत्या. माझा राग आहे तो त्यांच्यावर.

माझं माहेर कल्याणचं, पारनाक्याजवळ. तिथली मुलींची शाळा मास्तरांच्या राहत्या घरी भरायची. पुढच्या ओसरीवर आम्ही, मागच्या पडवीत त्यांचा संसार, मध्ये एक कुडाची भिंत. पलीकडून वालाच्या बिरड्याच्या फोडणीचा वास आला की शाळा सुटायची वेळ झाली असं आम्ही धरायचो. मास्तर वाईट नव्हते, हे आधीच सांगते. मारत नसत. पाढे म्हणवून घेताना आमच्याबरोबर स्वतःही डुलायचे. फक्त हजेरी घेताना ते मान वर करत नसत. नाव घ्यायचं, खूण करायची, पुढचं नाव. समोरून ‘हजर’ आलं की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसायचं. एकदा एका मुलीला देवी आल्या होत्या, ती घरी झोपून होती, तरी तिच्या नावापुढे रोज खूण पडत होती. आम्ही तोंडाला पदर लावून हसायचो. तेव्हा त्यात हसण्यासारखंच काहीतरी वाटायचं.

नवव्या वर्षी माझं लग्न झालं. स्थळ ठाण्याचं, तळ्याच्या मागच्या आळीतलं. मामंजी कलेक्टर कचेरीत कारकून. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना हाताखाली कोणीतरी हवं होतं. म्हणून ठरलं की मी मोठी होईपर्यंत दोन महिने ठाण्याला राहायचं आणि दोन महिने कल्याणला. न्यायला-आणायला सासरचा एक म्हातारा गडी असायचा. तो आगगाडीत बसल्या बसल्या झोपायचा आणि मी खिडकीला नाक लावायची. खाडी डाव्या हाताला दिसली की माहेरी चालले, उजव्या हाताला दिसली की सासरी. एवढा भूगोल मला कोणाला शिकवावा लागला नाही.

सासरी गेल्यावर सासूबाईंनी पहिलं काम केलं ते जुनं नाव काढून टाकण्याचं. त्याची एक तऱ्हाच होती. मी माजघरात काही करत असले की त्या ओटीवरून मुद्दाम माझ्या माहेरच्या नावाने हाक मारायच्या. मी ‘ओ’ दिली की शेजारणी खदाखदा हसायच्या आणि सासूबाई म्हणायच्या, “ती मुलगी कल्याणला राहिली. इथे त्या नावाचं कोणी नाही. पुन्हा ओ दिलीस तर बघ.” असं महिनाभर चाललं. शेवटी माझ्या कानांनी ते नाव घेणंच सोडून दिलं. एकदा शेजारच्या काकूंनी त्या नावाने हाक मारली आणि मी मान वळवली नाही, तेव्हा सासूबाईंनी माझ्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मला केवढा अभिमान वाटला होता त्याचा! आठवलं की स्वतःचीच चीड येते.

मामंजींनी मला शाळेत घातलं. त्यांना माझ्या शिक्षणाची तळमळ होती अशातला भाग नव्हता. कचेरीत एक नवा साहेब आला होता आणि तो कारकुनांना विचारायचा, तुमच्या घरच्या मुली शिकतात का? मामंजींना ‘हो’ म्हणता यायला हवं होतं. का असेना, मला पाटी मिळाली. मामंजींनी सांगून टाकलं, “चौथी पास होईपर्यंत शाळा. मग बंद.” चौथी म्हणजे माझ्या डोळ्यांसमोर तेव्हा काशीइतकी लांब होती आणि मला तिथे जायचंच होतं, कारण बाईंनी मला एक शब्द दिला होता.

बाई म्हणजे ठाण्याच्या त्या शाळेच्या शिक्षिका. विधवा होत्या, पुण्याहून शिकून आलेल्या. लाल आलवणात, पायात काही न घालता, सकाळी शाळा भरायच्या आधी त्या मुली गोळा करायला निघायच्या. खोपट, माजिवडा, थेट बाळकुमपर्यंत. वीस मुली काही देवळात नैवेद्याला येतात तशा आपण होऊन येत नसत. बाळकुमच्या एका मिठागरवालीने त्यांना विचारलं होतं, “बाय, पोर सालंन धारली त पानी कोन आनल?” पोर शाळेत धाडली तर पाणी कोण आणणार, असं. बाईंनी तिची घागर घेतली, विहिरीवरून भरून आणून दारात ठेवली आणि मुलीला घेऊन आल्या. विधवेने भरलेली घागर म्हणून आमच्या आळीत त्यावर आठवडाभर चर्चा झाली. त्या मिठागरवालीने मात्र ते पाणी वापरलं.

ती मुलगी पटावर एकोणिसावी. मी विसावी.

बाईंचा शब्द असा होता की चौथी झाली की बिगरीच्या, पहिलीच्याही आधीच्या, लहान मुलींना मी शिकवायचं. “तुला शिकवता येईल. दुसऱ्याला काय कळलेलं नाही ते तुला कळतं,” असं त्या म्हणाल्या होत्या. मला कोणी ‘तुला अमुक येईल’ असं म्हटलेलं ते पहिलंच वाक्य. बाकीचे सगळे मला काय येत नाही तेच सांगायचे.

बाईंचा पट आरशासारखा स्वच्छ होता. हजर म्हणजे हजर, गैरहजर म्हणजे गैरहजर. मी कल्याणला गेले की माझ्या नावापुढे दोन महिने रिकाम्या रेघा. त्याने त्यांची ग्रांट कमी व्हायची, पण त्यांनी कधी खोटी खूण केली नाही.

आणि कल्याणला? पहिल्या खेपेला मी ठाण्याहून परत आले तेव्हा मास्तर पट उघडा ठेवून आत पाणी प्यायला गेले होते. मी वाकून पाहिलं. दोन महिने मी तिथे नव्हते आणि माझ्या ओळीत एकही घर रिकामं नव्हतं. मास्तर बाहेर आले, मला बघून हसले आणि म्हणाले, “काय बघतेस? तू आमचीच ना? तुझी जागा राखून ठेवली होती.” मला भरून आलं. ठाण्याला माझं नाव पुसायला निघाले होते, आणि इथे मास्तर मी नसतानाही ते रोज घेत होते! मला ती माया वाटली. थोडी असेलही. पण मायेने केलेलं खोटंही खोटंच असतं, हे कळायला मला पुढच्या पौषापर्यंत थांबावं लागलं.

त्याच्या आदल्या महिन्यात, मार्गशीर्षात, डिपुटी कल्याणला परीक्षेला आला. मी दिवाळसणासाठी माहेरी आले होते आणि अजून तिथेच होते. मास्तरांनी मला तिसरीच्या परीक्षेला बसवलं. डिपुटीला सगळे रावसाहेब म्हणायचे. गोरा, घारा, उपरण्याला अत्तर लावलेला माणूस. त्याने तोंडी हिशेब घातला: एका पाटीत शंभर आंबे, त्यांतले पाव हिस्सा नासले, उरलेल्या चांगल्यांतले तिसरा हिस्सा विकले, तर पाटीत उरले किती? सगळ्या मुली बोटं मोजायला लागल्या. मी विचारलं, “नासलेले टाकून दिले, की पाटीतच आहेत?” तो म्हणाला, “का गं?” मी म्हटलं, “टाकले असतील तर पन्नास, नाहीतर पंचाहत्तर.” रावसाहेब मोठ्याने हसले. “नासलेले कोणी मोजतं का, वेडे?” असं म्हणाले, पण त्यांनी मास्तरांना माझं नाव विचारून घेतलं आणि शेऱ्यात माझं कौतुक लिहिलं. मी तिसरी पास झाले.

तीन आठवड्यांनी, पौषात, मी ठाण्याला होते आणि तोच डिपुटी बाईंच्या शाळेत आला. बाईंनी मला तिसरीच्या परीक्षेला बसवलं. मी कल्याणला पास झाले आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी का सांगितलं नाही? शंभर वेळा स्वतःला विचारलेलं आहे. सासरी माहेरची बढाई मारायची नाही, हे एक. दुसरं खरं कारण असं की बाईंच्या समोर पास व्हायची मला हौस होती. कल्याणला पास झाली ती तिकडची मुलगी. इकडची कुठे झाली होती? मला दहा वर्षांची होईपर्यंत सगळ्यांनी मिळून हेच शिकवलं होतं की त्या दोघी वेगळ्या.

रावसाहेबांनी तोंडी हिशेब घातला. तीच पाटी, तेच शंभर आंबे. अख्ख्या जिल्ह्यातल्या मुलींना हा माणूस एकच हिशेब घालत हिंडत होता, पगार मात्र दर महिन्याला नवा घेत होता. ‘पाटीत उरले किती’ असं त्याच्या तोंडातून पुरतं बाहेर पडायच्या आत मी ओरडले, “टाकले असतील तर पन्नास, नाहीतर पंचाहत्तर!”

तो थांबला. चष्मा काढून पुसला, परत घातला आणि माझ्याकडे बघत राहिला.

“तुझं नाव काय गं?”

मी सासरचं नाव सांगितलं. त्याने कारकुनाकडून वही मागवली, पानं उलटली आणि माझं माहेरचं नाव वाचलं. “ही कोण?”

मी पाटी पुसत राहिले.

“कल्याणच्या शाळेत होतीस ती तूच ना?” आणि पुन्हा तेच नाव, या वेळी हाक मारल्यासारखं.

मी मान वळवली नाही. गुळाचा खडा मिळवून देणारं ते न वळणं माझ्या हाडात बसलं होतं. ठाण्यात त्या नावाला ओ दिली तर काय होतं ते मला ठाऊक होतं. दिली नाही तर काय होतं ते कोणी सांगितलंच नव्हतं.

“बरं, नवऱ्याचं नाव काय?” रावसाहेब म्हणाले. “पटावर आहे ते जुळतं का बघू.”

आता हा माणूस कुठून विलायतेहून आला नव्हता. याच्या घरात याची बायको याला ‘अहो’ म्हणत असणार, आणि कोणी याचं नाव विचारलं तर पदर तोंडाशी नेऊन लाजत असणार. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं हे त्याला माझ्याइतकंच पक्कं माहीत होतं. तरी तो थांबून राहिला. बाई म्हणाल्या, “रावसाहेब, ते नाव मी सांगते.” तो म्हणाला, “तुम्ही नाही. तिला बोलू द्या.”

मला नाव घ्यायची एकच रीत माहीत होती. मी उभी राहिले, हात जोडले आणि हळदीकुंकवासाठी सासूबाईंनी पाठ करून घेतलेला तळ्यातल्या कमळांचा उखाणा अथपासून इतिपर्यंत म्हणून नाव घेतलं. कारकून तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून हसला. दारातला पट्टेवाला हसला. रावसाहेब हसले आणि म्हणाले, “म्हणजे तोंड आहे तर! मग मघाशी आपल्याच नावाला ओ द्यायला काय झालं होतं?”

मेल्या, तू माझ्या हाती लागायला हवा होतास. तेव्हा मी दहा वर्षांची होते, म्हणून नुसती रडले.

बाई रडल्या नाहीत. त्या पट घेऊन पुढे आल्या. म्हणाल्या, “ही मुलगी एकच आहे, हे मला आज कळलं. लग्नाने नाव बदललं आणि दोन्ही घरी राहते म्हणून दोन्ही शाळांत जाते. यात लबाडी नाही. ती ज्या दिवशी इथे हजर आहे, त्या दिवशी तिथे गैरहजर असणार. दोन्ही पट शेजारी ठेवून बघा. तारखा पटल्या की तिचं नाव एका पटावर ठेवा.”

रावसाहेबांना ते बरं वाटलं असावं. त्यांनी पट्टेवाल्याला दुपारच्या गाडीने कल्याणला पाठवलं आणि सांगितलं की उद्या पट येईल, मग बघू. बाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. “उद्या सगळं साफ होईल,” म्हणाल्या. त्यांना तसूभरही भीती वाटत नव्हती, कारण त्यांच्या पटात काही खोटं नव्हतं.

मला मात्र कळलं होतं. माझ्या डोळ्यांसमोर मास्तरांचा पट होता, एकही घर रिकामं नसलेली माझी ओळ होती. मी बाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं. मूग गिळून बसले. त्या दिवशी उरलेल्या वेळात मी नऊचा पाढा लिहिला आणि बाईंनी तो तपासून त्यावर ‘छान’ म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दोन्ही पट बाईंच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले गेले. कारकुनाने बोट फिरवत तारखा वाचल्या. आषाढ-श्रावणात ठाण्याला हजर, कल्याणला हजर. भाद्रपदात ठाण्याला गणपतीपर्यंत हजर; कल्याणला हजर. मी एकाच दिवशी दोन गावांत बसले होते, अशा दिवसांची रांगच निघाली. बाईंचा चेहरा मी बघितला नाही. माझी छाती झाली नाही.

“दोनपैकी एक पट खोटा आहे,” रावसाहेब म्हणाले.

“माझा नाही,” बाई म्हणाल्या. “आळीत कोणालाही विचारा, ही मुलगी त्या महिन्यांत इथे होती. तिच्या सासूबाईंना विचारा. बाहेर ही कोळीण रोज बसते, तिला विचारा.”

“कोणता खोटा हे शोधत बसायला मला वेळ नाही, बाई. मला परवा भिवंडीला जायचं आहे.”

आणि त्याने तांबडी शाई घेतली. इथलं नाव खोडलं, तिथलं नाव खोडलं. कल्याणची तिसरी रद्द केली. दोन्ही पटांवर एकच शेरा मारला, ‘हजेरी विश्वासपात्र नाही’. कोळीण दारात टोपली घेऊन बसलेली होती. दहा पावलांवर! तिला एक प्रश्न विचारायला त्याला जेवढा वेळ लागला असता, त्याहून जास्त वेळ त्याने तो शेरा वळणदार अक्षरात लिहायला घेतला. हे मी डोळ्यांनी बघितलेलं आहे.

मास्तरांचं काय बिघडलं? काही नाही. त्यांच्या पटावर सत्तावीस मुली होत्या, त्यांच्या सव्वीस झाल्या. बाईंच्या वीस होत्या, त्यांच्या एकोणीस झाल्या. ज्याने खोट्या खुणा केल्या त्याची शाळा चालू राहिली आणि जिने रिकाम्या रेघा ओढल्या तिची बंद पडली. बाई महिनाभर खोपटपासून बाळकुमपर्यंत विसावी मुलगी शोधत हिंडल्या. शेरा त्यांच्या आधी पोचलेला होता. ज्या शाळेत डिपुटीने चोरी पकडली तिथे मुलगी कोण घालणार?

बाई ठाणं सोडून जायच्या आदल्या दिवशी मी शाळेत गेले. पाट्या बांधून ठेवल्या होत्या. बाईंनी मला एकच विचारलं, “तिकडे तू नसताना हजेरी लागते, हे तुला ठाऊक होतं?”

“हो,” मी म्हटलं.

कपाटातून त्यांनी चौथीचं पुस्तक काढलं, माझ्या हातात दिलं आणि पाट्या पुसायचं ओलं फडकं घेऊन टेबल पुसायला लागल्या. पुन्हा त्यांची भेट झाली नाही. बाळकुमची ती मुलगी नंतर मला एकदा रस्त्यात दिसली. तिच्या डोक्यावर घागर होती.

मामंजींना कचेरीत कोणीतरी आंब्यांचा हिशेब घातला म्हणे. घरी आल्या आल्या त्यांनी माझी पाटी माळ्यावर टाकली. “मला तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस,” म्हणाले. सुधारणा संपली. एका कारकुनाच्या तोंडासाठी ती सुरू झाली होती, त्याच तोंडासाठी बंद झाली.

कल्याणला गेले तेव्हा आईने मला काही न विचारता मास्तरांकडे पाठवलं. चौथीचं पुस्तक मी पदराखाली धरलं होतं. मास्तरांनी मला बघितलं आणि त्यांची नजर खाली गेली. म्हणाले, “नाव घालता यायचं नाही. पण बस हो. शीक.” मी बसले. हजेरीत माझ्या आधीच्या मुलीचं नाव यायचं, मग माझ्या नंतरच्या मुलीचं. मध्ये मास्तर एक क्षणही थांबायचे नाहीत. असं ते वर्षभर चाललं, दोन दोन महिन्यांच्या खेपांनी. मी सगळं पुस्तक संपवलं. त्रैराशिक, व्यवहारी अपूर्णांक, जिल्ह्याचा नकाशा, सगळं. त्या ओसरीवर चौथीचं सगळ्यात चांगलं येणारी मुलगी मी होते. हे मास्तरच एकदा म्हणाले होते, अर्थात हळू आवाजात.

पुढच्या मार्गशीर्षात डिपुटी यायचा होता त्या दिवशी मास्तर सकाळीच मला म्हणाले, “आज तू मागे काकूंजवळ बस. पटावर नसलेली मुलगी दिसली तर पुन्हा भानगड.” काकू म्हणजे त्यांच्या घरच्या. त्यांनी माझ्यापुढे मोड आलेल्या वालांचं पातेलं ठेवलं. मी पडवीत बसून वाल सोलायला लागले. कुडाच्या पलीकडे परीक्षा चालली होती, शब्दन् शब्द ऐकू येत होता. आंब्यांचा हिशेब झाला, तो आता सगळ्यांना पाठ होता. वाचन झालं. मग चौथीच्या मुलींना रावसाहेबांनी भूगोल विचारला.

“ठाण्याहून आगगाडीने कल्याणला येताना खाडी कोणत्या हाताला दिसते?”

कोणी बोलेना. कशा बोलणार? त्यांतली एकही मुलगी आगगाडीत बसलेली नव्हती. नकाशा उलटा-सुलटा करून त्या बघत असतील. “अगं, रोज नकाशा बघता ना? डाव्या की उजव्या?” रावसाहेब म्हणाले. मास्तर खाकरले. माझ्या हातातला वाल पातेल्यात पडला.

“डाव्या!” मी ओरडले. “येताना डाव्या, परत जाताना उजव्या!”

कुडाच्या पलीकडे मुली खुसखुसल्या.

“कोण बोललं?” रावसाहेबांनी विचारलं.

“कोणी नाही, रावसाहेब,” मास्तर म्हणाले.

ज्या माणसाने मी ठाण्याला असताना महिनोन् महिने मला हजर म्हटलं, तो मी त्याच्या पाठीमागे चार हातांवर बसलेली असताना ‘कोणी नाही’ म्हणाला. आवाजही कापला नाही त्याचा. आणि रावसाहेबांना तो आवाज ओळखू आला नसेल यावर माझा विश्वास नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला.

मी उठले आणि वालांचं पातेलं उचलून अंगणात उपडं केलं. सोललेले, न सोललेले, सगळे मातीत. कोंबड्या धावून आल्या. काकूंनी ते बघितलं, आणि माझ्या पाठीत असा सणसणीत धपाटा घातला की मला श्वास घेता येईना. तो धपाटा मी आयुष्यभर जपून ठेवला आहे. मास्तर म्हणाले तसं पडवीत त्या दिवशी खरंच कोणी नसतं, तर तो कोणाला बसला असता?